तिश्री महिना: पोळ्यामागून येणारं ज्यूंचं नवं वर्ष

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकातल्या दिनदर्शिकांवरच्या लेखात ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याचा ओझरता उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत पंचांगापेक्षा वावर, मांडव आणि स्वयंपाक यांबद्दलचेच प्रश्न जास्त निघाले. ते साहजिकही आहे, कारण हा महिना मुळात सुगीचाच. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देतो आहोत.

प्रश्न: तिश्री म्हणजे आपला भाद्रपद धरायचा की आश्विन? गेल्या वर्षी त्यांचं नववर्ष घटस्थापनेला लागून होतं, यंदा तान्ह्या पोळ्याच्या मागोमाग दाखवताहेत. महिना एका वर्षात सरकला कसा? (एक शिक्षिका, आर्वी)

तिश्री कधी आश्विनाबरोबर चालतो, कधी भाद्रपदाबरोबर. यंदा सरकला तो आपला महिना. २०२६ मध्ये आपल्याकडे १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ झाला आणि पुढचे सगळे सण लांबले. ज्यू पंचांगातला जादा महिना अजून यायचा आहे, तो २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. म्हणून २०२५ मध्ये रोश हशाना, म्हणजे त्यांचा वर्षारंभ, २३ सप्टेंबरला आणि आपली घटस्थापना २२ ला होती. यंदा रोश हशाना १२ सप्टेंबरला येतं, म्हणजे थेट भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला. २०२७ मध्ये ते २ ऑक्टोबरला, पुन्हा घटस्थापनेच्या आसपास जाईल.

दोन्ही पंचांगं चांद्रमासांची असली, तरी जादा महिना ठरवण्याची रीत वेगळी आहे. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो आपला अधिक मास, म्हणून तो वेगवेगळ्या महिन्यांत पडतो. ज्यूंचा जादा महिना कायम अदार, आणि वर्षं ठरलेली: १९ वर्षांच्या चक्रातलं ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ वं. पडताळा मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल. ज्यू वर्षाला १९ ने भागायचं आणि बाकी बघायची. १२ सप्टेंबरपासून लागणारं वर्ष ५७८७ आहे. बाकी ११ उरते, म्हणजे जादा महिन्याचं वर्ष. बाकी शून्य आली तर ते १९ वं धरायचं.

आणखी दोन ठिकाणी हिशेब चुकतो. एक, त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मोबाइलमध्ये १२ सप्टेंबर दिसत असलं तरी सण ११ च्या संध्याकाळी लागलेला असतो. दुसरं, रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊच देत नाहीत. बुधवारी किंवा शुक्रवारी आलं, तर योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, कडक उपास शनिवारच्या शब्बाथला, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाला, अलीकडून किंवा पलीकडून चिकटेल. रविवारी आलं, तर सुक्कोथ या मांडवांच्या सणाचा सातवा दिवस शनिवारी पडून त्या दिवशीचे फांद्यांचे विधी अडतील. म्हणून तारीख एक-दोन दिवस पुढे ढकलतात, आणि अमावास्येशी ती तंतोतंत जुळत नाही.

महिने मोजताना तिश्री सातवा, कारण मोजणी वसंतातल्या निसानपासून होते. वर्षाचा आकडा मात्र तिश्रीत बदलतो. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला, शाळेचं जूनमध्ये आणि सरकारी हिशेबाचं एप्रिलमध्ये सुरू होतंच की!

यंदाच्या तारखा: रोश हशाना १२ आणि १३ सप्टेंबर, योम किप्पूर २१ सप्टेंबर, सुक्कोथ २६ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर, शेमिनी अत्सेरेत (सुक्कोथला लागून येणारा समारोपाचा सण) ३ ऑक्टोबर, सिम्हात तोरा (धर्मग्रंथाचं वार्षिक वाचन पुरं झाल्याचा आनंदोत्सव) ४ ऑक्टोबर. इस्रायलमध्ये शेवटचे दोन्ही एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरला. १२ तारखेला शनिवार असल्याने मेंढ्याचं शिंग, म्हणजे शोफार, त्या दिवशी बहुतेक ठिकाणी फुंकणार नाहीत. १३ ला फुंकतील.

प्रश्न: ताडोब्याजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. सप्टेंबरअखेर एक ज्यू कुटुंब मुक्कामाला येतंय. अंगणात 'सुक्का' उभारून द्याल का, असं त्यांनी विचारलं आहे. साधा मांडवच ना? (चिमूर तालुका)

दिसायला मांडवच, पण नियम काटेकोर आहेत, आणि नेहमीच्या मांडवातल्या निम्म्या सवयी इथे चालत नाहीत.

आधी वेळ. २६ सप्टेंबरला शनिवार आणि सणाचा पहिला दिवस एकत्र आले आहेत, २७ ही सणाचाच. या दोन दिवसांत बांधकाम, विस्तव पेटवणं, विजेची बटणं दाबणं, प्रवास यांतलं काहीच ते करणार नाहीत. म्हणजे सुक्का २५ च्या सूर्यास्ताआधी पूर्ण हवा. २५ ला अनंत चतुर्दशी आहे, विसर्जनाच्या दिवशी गडी मिळणार नाही. गुरुवारी २४ लाच काम संपवा.

जागा उघड्या आभाळाखालची घ्या. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या फांदीखाली, ओसरीच्या पत्र्याखाली किंवा वळचणीखाली आलेला भाग बाद होतो. सहा माणसांच्या जेवणाला ८ बाय १० फूट पुरे, उंची ७ फूट ठेवा. नियमाने छत जमिनीपासून १० मुठींच्या वर, म्हणजे सुमारे ८० ते १०० सेंटिमीटर, आणि २० हातांच्या आत, म्हणजे साडेनऊ मीटरच्या आसपास असावं लागतं. तेव्हा ७ फुटांची चिंता नको.

भिंती कशाच्याही चालतात: ताट्या, पत्रा, प्लायवुड. किमान दोन पूर्ण आणि तिसरीचा काही भाग लागतो. तुम्ही तीन पूर्णच करा. वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री किंवा साडीचा आडोसा भिंत म्हणून धरत नाहीत. ताडपत्रीच लावायची झाली तर आतून जमिनीपासून दर २० सेंटिमीटरला आडवी ताणलेली दोरी, अशा पाच-सहा रांगा मारा. दोन दोऱ्यांमधलं अंतर २४ सेंटिमीटरच्या आत राहिलं की दोऱ्यांचीच भिंत मानली जाते.

छत सगळ्यात शेवटी, भिंती उभ्या झाल्यावरच घालायचं; क्रम उलटा झाला तर छत काढून पुन्हा घालावं लागतं. छताचा माल जमिनीत उगवलेला, कापलेला, माणसाच्या खाण्यात नसलेला आणि वस्तू म्हणून न वापरलेला हवा. बांबू उत्तम. गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या चालतील. शेंगा, बोंडं झाडून घ्या. झोपायची चटई नको. सावलीसाठीच विणलेली ताटी चालते, तरी पाहुण्यांना दाखवून घ्या. निरगुडीसारख्या उग्र वासाच्या फांद्या टाळा, कारण वासाने बसणारा उठून जाईल असं छत नको, हाही नियमच आहे.

सगळ्यात मोठी चूक सागाच्या किंवा पळसाच्या ताज्या पानांवर भिस्त ठेवण्याची. पहिल्या दिवशी छान गर्द दिसतं, तिसऱ्या दिवशी पानं आक्रसतात आणि खाली उन्हाचे ठिपके सावलीपेक्षा जास्त होतात. सावली उन्हापेक्षा जास्त असलीच पाहिजे, नाहीतर सुक्का रद्द. म्हणून खाली चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या बोटभर अंतराने, वर सिंदीचे झाप, असा आठवडाभर टिकणारा थर द्या. फार दाटही नको: जोराचा पाऊस आत आला पाहिजे, आणि रात्री चांदण्या दिसल्या तर उत्तम. लोखंडी अँगलचा सांगाडा असेल तर छत थेट लोखंडावर टेकवू नका, मध्ये बांबूचे आडवे वासे घाला. बांधायला तार किंवा नायलॉन नको, ओल्या बांबूच्या कांबी वापरा. माल स्वतःच्या बांधावरचा किंवा विकतचा घ्या. बफरच्या जंगलातून एक झापही परवानगीशिवाय तोडू नका.

परतीच्या पावसाची सर आली तर? छतावर प्लास्टिक टाकलं की तेवढा वेळ तो सुक्का राहत नाही. जेवण भिजून खराब होईल इतका पाऊस आला तर ते घरात येऊन जेवतील, त्यांना ती मुभा आहे. फक्त पहिल्या रात्री काही जण सर थांबण्याची वाट बघतात. दिवे शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावून दोन्ही रात्री तसेच राहू द्या, आणि वीज जाण्याची सवय धरून बॅटरीचा एक जादा दिवा ठेवा.

झोपण्याबद्दल स्पष्ट बोलून घ्या. सात दिवस सुक्क्यातच झोपण्याची पद्धत आहे, पण जिथे जिवाला धोका आहे तिथे ती लागू होत नाही. बिबट्याच्या भागात रात्री अंगणात झोपू देणं म्हणजे आतिथ्य नव्हे. भांडी आणि स्वयंपाक ते बहुधा स्वतःचा आणतील, त्यात मानापमान धरू नका. ताडोब्याचा गाभा भाग १ ऑक्टोबरला उघडतो; तो गुरुवार आहे आणि सणाचा मधला दिवस, सफारीला हरकत नसते. ३ आणि ४ ऑक्टोबरची सफारी मात्र त्यांच्या नावावर घेऊन ठेवू नका.

प्रश्न: यूट्यूबवर पाह्यलं का ज्यू लोकं सणासाठी एक-एक महाळुंग चढ्या किमतीला घेतात. आपल्याकडं संत्र्याची पन्हेरी करणारे हुशार लोकं आहेत. जंभेरीवर महाळुंगाचा डोळा भरून बाग लावली तर? (संत्रा बागायतदार, वरुड)

जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलात, म्हणजे कलम केलंत, तर त्या कामासाठी ते फळ बादच. सुक्कोथला चार वनस्पती हातात धरतात: खजुराचा न उमललेला झाप, विलायती मेंदीच्या तीन डहाळ्या, वाळुंजाच्या जातीच्या दोन डहाळ्या आणि एत्रोग, म्हणजे महाळुंग. एत्रोग कलमी नसावा हा दंडक १६ व्या शतकापासून पक्का झाला आहे. लिंबू किंवा ईडलिंबूवर बांधलेलं झाड ते महाळुंग मानत नाहीत, फळ कितीही देखणं असो.

फळ हातात घेऊन तपासणाराही खुणा बघतो. अस्सल महाळुंगाची साल जाड आणि खडबडीत, गर थोडा, रस जवळजवळ नाही, देठ आत खोलगट बसलेला, बिया उभ्या. लिंबाचा संकर असला तर साल गुळगुळीत नि पातळ, आत रस भरपूर, देठ वर आलेला. पण खुणांवर कोणी माल उचलत नाही. बागेची तपासणी होऊन धर्मगुरूचं प्रमाणपत्र लागतं, आणि तपासणारा झाडाच्या बुंध्याशी बसून कलमाचा सांधा शोधतो.

मग झाड लावायचं बीपासून किंवा फांदीच्या छाटापासून. महाळुंगाचा छाट सहज मुळं धरतो, अडचण पुढे येते. आपण संत्र्याला जंभेरीचा किंवा रंगपूर लाइमचा खुंट वापरतो तो जमिनीतल्या रोगांशी आणि भारी मातीशी टक्कर द्यायला. स्वतःच्या मुळांवरचं महाळुंग डिंक्याला लवकर बळी पडतं. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात दोन दिवस पाणी तुंबलं की बुंध्यातून डिंक वाहायला लागतो. निचऱ्याची मुरमाड जमीन, फूट-दीड फूट उंच गादीवाफा, बुंध्याला बोर्डो पेस्ट आणि ठिबकची नळी खोडापासून लांब, एवढं जमत असेल तरच पुढचा विचार करा.

फळाच्या अटी तर संत्र्यापेक्षा कितीतरी कडक आहेत. आकार कोंबडीच्या अंड्याएवढा तरी हवा. टोकाकडच्या निमुळत्या भागावर टाचणीएवढा काळा डाग किंवा ओरखडा नको. टोकाचा दांडा, पितोम, झाडावर असताना आपोआप गळून गेला असेल तर चालतं; काढताना किंवा पेटीत मोडला तर पहिल्या दिवसाला फळ बाद. महाळुंगाला काटे असतात, वाऱ्याने फांदी हलली की फळ खरचटतं. म्हणून कोवळ्या फळाच्या आजूबाजूचे काटे नि पानं काढतात, फांद्या तारेच्या मांडवाला बांधतात. मृगाचा बहार उपयोगाचा नाही, फळ सप्टेंबरच्या आत परदेशी पोचायला हवं. म्हणजे आंबिया बहार धरायचा, आणि तो आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांतून फळगळ न होता पार पाडायचा. त्यातून वाचलेल्या फळावर जुलै-ऑगस्टच्या दमटपणात बुरशीचे ठिपके येतात.

शिवाय पहिल्या तीन वर्षांचं फळ धर्माने वर्ज्य. झाड रोश हशानाच्या किमान ४४ दिवस आधी लावलं तरच ते वर्ष पहिलं धरतात, आणि तीन वर्षं भरल्यावरही पुढच्या शवात महिन्याच्या १५ तारखेपर्यंत धरलेलं फळ मोजत नाहीत. यंदा जूनमध्ये लावलेल्या झाडाचं कामाचं फळ २०२९ च्या सणाला मिळेल. २०२८-२९ हे इस्रायलमध्ये जमीन पडीक ठेवण्याचं सातवं वर्ष आहे आणि तेव्हा बाहेरच्या एत्रोगला मागणी वाढेल, हे व्हिडिओवाले सांगतात ते खोटं नाही. पण तोवर झाड आणि फळ वरच्या सगळ्या अटींतून पार पाडावं लागेल.

आमचा सल्ला: खरेदीदार आणि तपासणारा धर्मगुरू दोघंही लेखी ठरल्याशिवाय एकरभर बाग लावू नका. हौस म्हणून पाच-दहा झाडं बांधाला लावा. लोणच्याला नि औषधाला फळ खपतं, आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात महाळुंगच आहे.

प्रश्न: कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरांत नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात असं ऐकलं. कुरडयांचाच चीक का? कृती द्यावी. (दिग्रस)

हो, तोच. फरक इतकाच की हलव्यात तूप नाही, दूध नाही, सगळं नारळाच्या दुधात. सणाच्या जेवणात मटण असतं आणि त्यांच्यात मांसाबरोबर दुधाचं काही खात नाहीत.

गहू तीन दिवस भिजवा, पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदला. एक वेळ जरी चुकली तरी चिकाला आंबूस वास येतो आणि तो साखरेने झाकत नाही. वाटून, फडक्यातून पिळून रात्रभर निवळू द्या आणि वरचं पिवळसर पाणी ओतून टाका. घट्ट चीक १ वाटी, नारळाचं दूध ४ वाट्या (पहिलं दाट नि दुसरं पातळ मिळून), साखर दीड वाटी, चिमूटभर मीठ. हे सगळं गारच असताना एकत्र करून गाळा. नारळाचं दूध आधी तापवून त्यात चीक ओतला की गुठळ्या होणार, आणि नुसतं दूध उकळलं की फाटणार. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर सतत ढवळा. दाटायला लागलं की आच मंद करा आणि पाऊण ते एक तास घोटा. कडा सोडून गोळा फिरायला लागला, रंग पांढऱ्याचा पारदर्शक झाला, की थेंबभर ताटलीत टाका. गार झाल्यावर बोटाला चिकटला नाही तर झालं. घाईने उतरवलेला हलवा कच्च्या पिठासारखा लागतो. वेलची घालून, खोबरेल लावलेल्या थाळीत पाऊण इंच जाड थापा, वर बदाम-पिस्ते लावा, चार-पाच तासांनी वड्या पाडा. आपल्याकडे ओला नारळ जुना मिळतो, तेव्हा फोडून वास घेऊन मगच वापरा. सुक्या खोबऱ्याचं दूध नको, खवट तेलकट चव येते. डब्यातलं नारळदूध असेल तर निम्मं पाणी घाला.

याच घरांत या महिन्यातल्या सणांची मराठी नावं पूर्वापार आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, योम किप्पूरला दारफळणीचा सण, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दानधर्माचा नि भेटीगाठींचा शिळा सण. हिब्रू नावं १९ व्या शतकात जास्त रुळली. नववर्षाच्या दुसऱ्या रात्री त्या हंगामात अजून न चाखलेलं फळ खाण्याचीही रीत आहे. तुमच्याकडून भेट पाठवायची असेल तर रानातलं पहिलं सीताफळ पाठवा. कापून किंवा शिजवून नको, अख्खं.

प्रश्न: इकडे सोयाबीन काढणीला आलेलं असताना हे लोक पावसाची प्रार्थना करतात म्हणे? (दारव्हा)

करतात, तिश्रीच्या २२ तारखेला. पण ती इस्रायलच्या पावसासाठी असते. तिथे उन्हाळाभर थेंब पडत नाही आणि पाऊस ऑक्टोबरनंतर सुरू होतो. तेव्हाही ते लगेच पाऊस मागत नाहीत, नुसता 'वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा' असा देवाचा उल्लेख सुरू करतात. प्रत्यक्ष मागणं इस्रायलमध्ये १५ दिवसांनी, तिश्रीनंतरच्या हेश्वान महिन्याच्या ७ तारखेला, कारण जेरुसलेमला आलेले दूरचे यात्रेकरू तोवर घरी पोचायला हवेत. इस्रायलबाहेर, म्हणून भारतातही, ते मागणं यंदा ५ डिसेंबरच्या संध्याकाळपासून. तुमच्या सोयाबीनला त्यांच्याकडून धोका नाही. हरभऱ्याचं तेवढं बघा.

प्रश्न: योम किप्पूरच्या दिवशी ओळखीच्या ज्यू माणसाला शुभेच्छा द्याव्यात का? उपास किती कडक? (हिंगणघाट)

यंदा २० सप्टेंबरच्या सूर्यास्ताआधीपासून २१ च्या रात्री तारे दिसेपर्यंत, सुमारे २५ तास. पाणीसुद्धा नाही, आंघोळ, अत्तर, चामड्याची चप्पल हेही नाही. लहान मुलांना, आणि उपासाने ज्याच्या जिवाला धोका होईल अशा आजाऱ्याला, उपास लागू नाही. अशा आजाऱ्याने खाल्लंच पाहिजे असा नियम आहे. त्या दिवशी फोन करू नका, उचलणार नाहीत. आदल्या आठवड्यात 'गमार हतिमा तोवा' म्हणा, नववर्षाला 'शाना तोवा'. उपास सोडायला फराळ पाठवायचा असेल तर साबुदाणा खिचडीचा घाट घालू नका. केळी, संत्री, डाळिंबं, अख्खी फळं पाठवा.